धोंडूतात्यांची जागा

पडद्यावरच्या निळ्या समुद्रात एक लाल ठिपका उमटला आणि त्याच्याखाली अक्षरं आली, 'धोंडूतात्यांची जागा'. सभागृहातल्या तीनेकशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीवर बसलेल्या धोंडूला त्या टाळ्या आपल्यासाठी आहेत हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा आनंद झाला नाही. भर बाजारात कुणी मागून येऊन आपल्या खिशात हात घालावा आणि लोकांनी त्यालाच शाबासकी द्यावी, तसं वाटलं. तो ठिपक्याकडे बघत राहिला. सत्तेचाळीस वर्षं त्याने ती जागा बघितली होती ती होडीत उभं राहून, डोळे बारीक करून, जमिनीकडे तोंड करून. जागा म्हणजे त्याच्या लेखी किल्ल्यावरच्या भगवतीच्या देवळाचा कळस होता, दीपगृहाचा मनोरा होता, ज्याला बंदरावर सगळे बत्ती म्हणत, भाट्याच्या सुरूबनाचा शेवट होता आणि त्याच्यामागे दक्षिणेच्या डोंगराला पडलेली खाच होती. या चार गोष्टी ठरल्या रीतीने एकमेकींपाशी आल्या की जागा व्हायची. एरवी तिथं नुसतं पाणी होतं. आता कुणीतरी आभाळातून खाली वाकून त्या पाण्याला टिकली लावली होती.

ती टिकली कुठं लावली आहे, हे मात्र त्याला लगेच उमगलं नाही. जागा वरून कशी दिसते हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. त्याने डोळे मिटून किनारा उभा केला, मग तो मनातल्या मनात आडवा पाडला, किल्ल्याचं नाक समुद्रात घुसवलं, भाट्याची खाडी कापली. गणित जुळेना. नवीन सदऱ्याची कॉलर मानेला टोचत होती. सदरा बायकोने, कमळाने, इस्त्री करून दिला होता आणि निघताना म्हणाली होती, स्टेजवर बोलावतील, तोंड आंबट करून उभे राहू नका.

तोंड आंबट करायला कारणं दुपारी चारपासूनच साठत आली होती. किनारपट्टी उद्योग मंडळाचा हा सोहळा जिल्ह्यातल्या तरुण उद्योजकांच्या गौरवाचा होता. निवेदन करणारी नेत्रा नावाची मुलगी प्रत्येक वाक्याच्या शेवटी जोरदार टाळ्या मागत होती आणि लोक देत होते. पहिला पुरस्कार निशिगंधा नावाच्या मुलीला, फणसाच्या आठळ्यांच्या पिठाची बिस्किटं केली म्हणून. आठळ्या धोंडूच्या घरी जन्मभर चुलीच्या राखेत भाजल्या जात आणि खाल्ल्यावर पोटात वायू धरत. त्यांना नवकल्पना म्हणायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. दुसरा दर्शनला. हा मुलगा हापूसच्या कलमांवर ड्रोन उडवून औषध मारतो. पडद्यावर ते यंत्र भुणभुणत कलमांवरून गेलं आणि प्रमुख पाहुणे, मुंबईहून आलेले कुणी गुंतवणूकदार, पुढं झुकून बघायला लागले. कलमावर चढणारी माणसं आता काय करतात, हे कुणी विचारलं नाही. धोंडूला त्या माणसांची फार काळजी होती असं नाही. पण कुणी विचारलं नाही, याची नोंद त्याने केली. बसल्या बसल्या तो अशा नोंदीच करत होता. पाहुण्यांना हळद लागलेला नारळ हातात धरता येत नव्हता. मंडळाच्या अध्यक्षांनी 'दर्यावर्दी' हा शब्द दोनदा चुकीचा उच्चारला. आणि प्रत्येक मुलगा बोलायला उभा राहिला की आधी आजीचं नाव घेत होता, जणू ती सगळी म्हातारी माणसं आयुष्यभर यांच्या कंपन्यांसाठी कच्चा माल गोळा करत बसली होती.

मग शुभंकर आला. त्याच्या कंपनीचं नाव 'वावभर'. पाण्याची खोली मोजताना दोन्ही हात पसरून दोरी मोजतात, त्या पसरलेल्या हातांचं माप म्हणजे वाव. शुभंकरने कुर्त्याच्या बाह्या सारून व्यासपीठावर हात पसरून दाखवले. लोक हसले, टाळ्या. त्या तळहातांवर दोरीचा एकही वळ नव्हता. मांडवीतल्या पतसंस्थेच्या कारकुनाचा हा मुलगा. इंजिनिअर झाला, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, परत आला आणि म्हणाला, कोकणातलं ज्ञान वाया चाललंय. मोबाईलवर त्याने एक नकाशा केला. कुठं कुठला मासा मिळेल ते त्यात दिसतं, होडीवर एक छोटा डबा बसवतात, त्या डब्यामुळे होडीही नकाशावर दिसते. बोलणं होईल एवढी रेंज बाहेरच्या पाण्यात नसते, पण त्या डब्यातून दोन ओळी जातात आणि येतात. आज तिथल्या तिथे दाखवणार होते. नकाशावर पाच हिरवे ठिपके होते, पाच होड्या, दुपारी निघालेल्या. नेत्राने सांगितलं की या पाच होड्या साडेपाचला तात्यांच्या जागेवर पहिल्यांदाच जाळी सोडणार आहेत आणि आपण सगळे ते इथं बसून बघणार आहोत. पडद्याच्या कडेला एक ओळ उमटली, 'सर्वांना नमस्कार, दर्या ठीक'. कुठल्या तरी होडीवरून आलेली. सभागृह खूष झालं.

शेजारी शिवा बसला होता, त्याचा धाकटा भाऊ. बर्फाच्या कारखान्यावर राखणदारी करतो. शुभंकरने दोघा भावांना बोलावलं होतं. त्याला वाटलं असणार, फोटोत दोन म्हातारे जास्त शोभतील. शिवाही टाळ्या वाजवत होता. त्याच्या टाळ्यांचा आवाज इतरांसारखा येत नव्हता, कारण डाव्या हाताला अंगठा धरून तीन बोटं होती. धोंडूला तो आवाज लग्नकार्यात, भजनात, कुठल्याही गर्दीत ओळखू यायचा. एकतीस वर्षं तो आवाज आला की त्याची मान दुसरीकडे वळायची. आताही वळली.

शुभंकर गुरूबद्दल बोलत होता. तीन महिने मी त्यांच्या पडवीत बसलो, म्हणत होता, आणि एक विद्यापीठ माझ्यासमोर उलगडत गेलं. बसला होता हे खरं. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि हा रोज संध्याकाळी यायला लागला. गुडघ्याला लावायचं मलम आणलं, कमळाने केलेलं बांगड्याचं तिखलं बोटं चाटून खाल्लं, मोबाईल खांबाच्या फळीवर उभा करून ठेवायचा आणि विचारायचा, मग? एवढंच. मग काय झालं तात्या? घरात कुणी मग विचारत नव्हतं. मुलगा निलेश यायचा, हातपाय धुवायचा, जेवायचा, मोबाईल घेऊन झोपायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने लाकडी होडी विकून फायबरची घेतली तेव्हा धोंडू म्हणाला होता, त्या प्लास्टिकच्या बादलीत मी पाय ठेवणार नाही. निलेश म्हणाला, नका ठेवू. तेव्हापासून दोघं एकमेकांना दर्याबद्दल काही सांगत नव्हते आणि या परक्या मुलाला धोंडू रोज दोन तास सांगत होता. त्याला सांगायला आवडत होतं. आज खुर्चीवर बसून त्याला सगळ्यात जास्त राग याचाच येत होता. शुभंकरने घेतलं याचा नाही, तर आपण पानाचा डबा उघडावा तसं तोंड उघडून बसलो याचा.

सात जागा सांगितल्या. त्यातल्या सहा बंदरावर कुणालाही ठाऊक होत्या. सातवी म्हशीच्या खडपाची. पाण्याखाली वीस वावांवर म्हशीच्या पाठीसारखा दगड आहे, उत्तरेच्या अंगाला उतरती रेती, तिथं सुरमई आणि घोळ येते. दक्षिणेच्या अंगाला आणि पाठीवर दात आहेत. तिथं जाळं सोडलं तर ते दगडाचं होतं. ही जागा धोंडूच्या बापाची, त्याच्या बापाची. दर्यावर जाणाऱ्या खारव्यांमध्ये खूण जमिनीवर सांगत नाहीत. बाप मुलाला होडीत घेऊन जातो, मशीन बंद करतो, सुकाणूवर त्याचा हात ठेवतो आणि एकदा सांगतो. दुसऱ्यांदा नाही. धोंडू एकोणीस वर्षांचा होता. बापाने मान धरून त्याचं डोकं जमिनीकडे वळवलं आणि म्हणाला, हात लांब कर, एक बोट उभं धर. बत्ती कळसाच्या उजव्या अंगाला एक बोट. आणि खाच सुरूच्या शेवटावर. आता गिळ. बापाच्या हाताला सुक्या बोंबलाचा वास येत होता. तो वास अजून खुणेला चिकटून होता. आणि जमिनीवर कुणी विचारलंच तर? तर नाही म्हणायचं नाही. विचारणाऱ्याचा मान ठेवायचा, सांगायचं, पण दोन खुणांमधली एक खरी ठेवून दुसरी बोटभर सरकवायची. बंदरावरच्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. जमिनीवर ऐकलेल्या खुणेवर कुणी जाळं सोडत नाही. त्यामुळे खोटं सांगूनही ते कुणाला खोटं वाटत नाही, ती रीत असते. शुभंकरने विचारलं तेव्हा धोंडूच्या जिभेला विचार करावा लागला नाही. ती आपोआप सरकली.

"आणि आता," शुभंकर म्हणाला, "तात्यांच्याच आवाजात."

सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून धोंडूचा आवाज आला. खोकला, कमळाने मागे ठेवलेल्या भांड्याचा आवाज, मग शब्द. बत्ती कळसाच्या डाव्या अंगाला, एक बोट. खाच सुरूच्या शेवटावर. आवाज मोठा केल्यामुळे तो बापासारखा वाटत होता. आणि त्याच क्षणी मघाशी न जुळलेलं गणित जुळलं. डाव्या अंगाला. ठिपका म्हशीच्या पाठीवर होता, बरोबर दातांवर. याने ऐकलं ते मोजलं, मोजलं त्याचे आकडे केले, आकड्यांचा ठिपका केला आणि ठिपक्याखाली त्याचं नाव लिहिलं. बोटभर वाकडी खूण ऐकली की खारवी ओळखतो. ठिपक्यात वाकडं काय ओळखणार? तो वाटोळाच असतो.

शिवाच्या टाळ्या थांबल्या होत्या. धोंडूने बघितलं नाही, ऐकलं.

बाप गेला त्याच्या पुढच्या वर्षी शिवा वेगळा झाला होता. भांडून नाही. स्वतःची होडी, स्वतःचं नवं जाळं, तीन खलाशी. मांडवीच्या जेट्टीवर, दुपारची वेळ, पाय पाण्याकडे सोडून दोघं बसले होते आणि शिवाने विचारलं, दादा, बाबांची जागा मला देशील काय? धोंडूला म्हणता आलं असतं, उद्या ये माझ्याबरोबर. एक दिवसाचं काम होतं. पण शिवाची होडी नवी होती, त्याच्या खलाशांत दोघं मूळचे धोंडूचे होते, आणि भावाला सांगताना रीत लागू होते की नाही, हे बापाने सांगितलं नव्हतं. धोंडू म्हणाला, बत्ती कळसाच्या डाव्या अंगाला. शिवाने हात लांब करून जमिनीवरच बोट धरून बघितलं, लहानपणी करायचा तसं. भाऊ जमिनीवर सांगतोय तरी खरंच सांगणार, असं त्याला वाटलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं जाळं अडकलं. वारा पश्चिमेचा होता, लाट मागून येत होती, होडी दोरीवर अडकून नाचायला लागली. दोर कापायला शिवाचा जीव होईना, नवं जाळं होतं. तो सोडवायला गेला आणि हात दोर आणि काठ यांच्यामध्ये आला. सरकारी दवाखान्यात धोंडू गेला तेव्हा शिवा पांढराफटक पडला होता आणि म्हणाला, माझीच नजर चुकली, दादा, कळस नीट लागला नाय. धोंडूने मान हलवली होती. चुकली असेल, या अर्थाची. ती मान तेव्हापासून कधी पूर्ण थांबली नाही. शिवाने होडी विकली, कधी काही विचारलं नाही, सणासुदीला येत राहिला, वहिनीच्या हातचं जेवत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं धोंडूला पुष्कळदा वाटलं होतं. रागावलेल्या माणसाला टाळता येतं.

"मला पण डावंच सांगितलं होतंस," शिवा म्हणाला. तो पडद्याकडे बघूनच बोलत होता, आवाज हळू, जणू शेजाऱ्याला वेळ विचारतोय.

धोंडू मानेला टोचणारी कॉलर सैल करायला लागला.

"आणि बाबांनी तुला कनचं सांगितलान?"

व्यासपीठावर नेत्रा होड्यांची नावं वाचत होती. प्रत्येक नावाबरोबर त्या ठिपक्यापाशी अक्षरं उमटत होती. जलपरी. साईप्रसाद. तिसरं नाव धोंडूला ऐकूच आलं नाही.

"उजवं," तो म्हणाला.

शिवाने मान डोलावली. एकतीस वर्षांपूर्वी धोंडूने डोलावली होती तशीच, बारीक. मग त्याने डावा हात उचलून पडद्याकडे केला. "पोरगा हाय त्यात," तो म्हणाला.

चौथ्या ठिपक्यापाशी अक्षरं होती, कमळाई. निलेशची होडी. सकाळी पेज जेवताना तो म्हणाला होता, दुपारी निघतोय, सांजेला जाळी सोडू. कुठं, हे धोंडूने विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. हात धुताना मात्र पाठमोरा म्हणाला होता, माझ्या होडीत पाय ठेवलात नाय तुमी, पण त्या पोराला दिलंत ते बरं केलंत, आता माझ्या मोबाईलवर आलं. धोंडूला तेव्हा वाटलं, त्या सहांतल्या एखाद्या जागेबद्दल बोलतोय. त्याला तसं वाटून घ्यायचं होतं. खारव्याचा मुलगा, जमिनीवर सांगितलेली खूण घेणार नाही. पण त्याने खूण घेतलीच नव्हती, ठिपका घेतला होता. आणि बाप स्वतःचं नाव घालून खोटं छापू देईल, असं कुठल्या मुलाला वाटेल?

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. हिरवे ठिपके लाल ठिपक्याकडे सरकत होते, मुंग्या साखरेकडे जाव्यात तसे. सभागृहात येताना धोंडूने बाहेरचे झेंडे बघितले होते. सगळे पूर्वेकडे ताणलेले, पश्चिमेचा वारा. पाच जाळी, फायबरच्या हलक्या होड्या, मागून लाट. आणि निलेशही दोर कापणार नाही. त्यालाही जीव होणार नाही, घरात सगळ्यांचंच तसं आहे. धोंडूला एकदम बंदरावर धावत जावंसं वाटलं. पण बंदर दूर, आणि तिथून बिनतारीवर बोललं तर सगळ्या होड्या ऐकणार. मग एकट्या निलेशला कसं सांगायचं? हा विचार मनात आला आणि त्याची त्याला किळस आली. अजूनही तो जागा वाचवत होता. बाकीच्या चार होड्या, बारा-पंधरा माणसं, गणितात उशिरा आली.

त्याचं नाव पुकारलं. दोन मुलींनी दंडाला धरून त्याला पायऱ्या चढवल्या, जणू त्याला पायऱ्या येत नव्हत्या. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला, अध्यक्षांनी फेटा बसवला. फेटा तयार शिवलेला होता, टोपीसारखा, आणि मोठा झाला. तो कानांवर उतरला. फोटोवाल्याने हसा म्हटलं. शुभंकर पाया पडायला वाकला, तेव्हा धोंडू त्याच्या कानाशी गेला.

"ठिपका चुकला," तो म्हणाला.

शुभंकर हसतच सरळ झाला. "तात्या, मी स्वतः जाऊन आलोय. यंत्रावर मासा दिसतो तिथं, गच्च."

"मासा हायच. जाळं परत येणार नाय."

शुभंकरच्या चेहऱ्यावरचं हसू राहिलं, पण त्याच्यामागून माणूस निघून गेल्यासारखं झालं. त्याने पडद्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, मग धोंडूकडे. "मग खरी कुठली?" त्याने विचारलं. पडवीत तीन महिने तो मग म्हणत होता, त्यापेक्षा हा मग वेगळा होता. धोंडूला त्या मुलाच्या तोंडावर घाम दिसला आणि क्षणभर बरं वाटलं. याला आता कळेल. खाली पडवीत बसून मलम देऊन दर्या विकत घेता येत नाही, हे कळेल. याचा बाजार इथंच उठेल, या पाहुण्यासमोर, या बिस्किटवाल्यांसमोर. ते बरं वाटणं एका श्वासाएवढंच टिकलं, कारण पडद्यावर कमळाई पुढं होती, इतरांच्या पुढं. निलेश नेहमी पुढं जायचा.

नेत्राने ध्वनिक्षेपक हातात दिला. तात्यांनी दोन शब्द बोलावेत.

"ही जागा खोटी हाय," धोंडू म्हणाला. "मी खोटी सांगितली."

आधी हशा झाला. नेत्राने दुसऱ्या ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की किती हा साधेपणा, जोरदार टाळ्या. पुढच्या रांगा वाजवायला लागल्या. मागच्या रांगांत बंदरावरचे, होड्या चालवणारे वीस-पंचवीस तांडेल बसले होते, तिथून एकही टाळी आली नाही. ती शांतता पुढं सरकत आली आणि पुढच्या टाळ्या तिने एकेक करून विझवल्या. धोंडूला ते तांडेल दिसत होते. त्यांनी मान पुढं काढली होती. त्यांना रीत ठाऊक होती. खोटी सांगितली यात त्यांना काही वाटलं नव्हतं. खरी सांगतो की काय, यासाठी ते पुढं झुकले होते. कुणाकुणाच्या हातात मोबाईल उभे राहिले. बापाची जागा, बापाच्या बापाची, निलेशच्या हातावर हात ठेवून सांगायची, एकदाच. ती इथं, गादीच्या खुर्च्यांसमोर, शिवलेल्या फेट्यात.

त्याने नारळ खाली ठेवला. लोकांकडे पाठ केली, कारण पाण्यावर उभं असताना जमीन समोर असते आणि इथं समोर माणसं होती. पडद्याच्या निळ्याकडे बघून चालणार नव्हतं, म्हणून डोळे मिटले. उजवा हात लांब केला, एक बोट उभं धरलं. डावा हात मागे सुकाणू शोधायला गेला आणि रिकामाच राहिला.

"बत्ती कळसाच्या उजव्या अंगाला," तो म्हणाला. "डाव्या नाय. एक बोट. खाच सुरूच्या शेवटावर. ठिपका उत्तरेला घे. डाव्या अंगाला गेलात तर दात हायत. जाळं अडकलं तर दोर कापा. सोडवू नका." मग म्हणाला, "माझ्या भावाची बोटं तिथं गेली. त्यालापण मीच सांगितलं होतं."

डोळे उघडले तेव्हा शुभंकर टेबलावरच्या संगणकाशी वाकला होता. बोटं भराभर चालत होती. लाल ठिपका निळ्यात हलला, तांदळाच्या दाण्याएवढाच, उत्तरेला. नाव त्याच्याबरोबर सरकलं. पडद्याच्या कडेला ओळ गेली, 'जागा बदलली आहे. जुन्या जागेवर जाळी सोडू नका. तात्यांनी स्वतः सांगितलं.' सगळे बघत होते. जलपरी थांबली. साईप्रसाद वळली. आणखी दोन ठिपके रेंगाळले आणि वळले. कमळाई मात्र थांबलीही नाही आणि वळलीही नाही. ती हळू झाली. मग कडेला ओळ उमटली आणि तीनशे माणसांनी ती एकदम वाचली. 'कमळाई: बाबांना विचारा, ही तरी खरी का?'

मागून कुणीतरी हसला आणि हसू गिळलं.

"काय लिहू?" शुभंकरने विचारलं. त्याच्या आवाजात आता कंपनी नव्हती.

खरी, असं धोंडूला म्हणायचं होतं. शब्द तोंडात होता. पण तो जमिनीवर उभा होता. जमिनीवरून किती वेळा खरी म्हटलं तरी ऐकणारा खारवी होता, आणि बापाला ओळखत होता. त्याने पहिल्या रांगेकडे बघितलं. मागायचं नव्हतं, तरी बघितलं गेलं. त्या जागेबद्दल या शहरात आणखी एकाच माणसाच्या शब्दाला वजन होतं आणि त्या माणसाने आपला शब्द एकतीस वर्षं वापरला नव्हता.

शिवा उठला. त्याने घाई केली नाही. खुर्चीच्या हातावर तीन बोटांचा पंजा टेकून उठला, धोतर नीट केलं.

"लिही," तो शुभंकरला म्हणाला. "शिवाकाका सांगतो, खरी हाय. माझं नाव घाल. त्याचं नको."

शुभंकरने लिहिलं. ओळ गेली. काही होत नव्हतं, हिरवा ठिपका पाण्यावर पान असावं तसा पडून होता, आणि पाहुण्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग तो वळला. उत्तरेला, तांदळाच्या दाण्याएवढा. सभागृहाने श्वास सोडला आणि नेत्राला पुढं काय म्हणायचं ते सुचलं, तंत्रज्ञान आणि परंपरा यांचा हा संगम, जोरदार टाळ्या. यावेळी सगळ्यांनी वाजवल्या, मागच्यांनीही. त्यांच्या मोबाईलमध्ये जागा आली होती.

धोंडू त्या आवाजात एक विशिष्ट आवाज शोधत राहिला. तो नव्हता. शिवा खुर्च्यांच्या मधल्या वाटेने दाराकडे चालला होता, डावा हात खिशात घालून, ओळखीच्या कुणी काही विचारलं तर न थांबता. दाराशी त्याने चपला घातल्या. पहिल्या रांगेतली त्याची खुर्ची तो उठल्याबरोबर आपोआप मिटली होती. धोंडूने शालीच्या टोकाने तोंड पुसलं, फेटा काढला आणि तो कुणाला परत द्यायचा असतो, ते विचारायला लागला.